युलिसिस एस. ग्रँट

युलिसिस एस. ग्रँट (जन्मनाव: हिरम युलिसिस ग्रँट, २७ एप्रिल १८२२ – २३ जुलै १८८५) हे अमेरिकेचे १८ वे राष्ट्राध्यक्ष होते. अमेरिकन यादवी युद्धाच्या अखेरच्या पर्वात ते उत्तरेकडील संघराज्याच्या सैन्याचे सरसेनापती होते. ४ मार्च १८६९ ते ४ मार्च १८७७ या काळात त्यांनी सलग दोन वेळा राष्ट्राध्यक्षपद भूषवले. रणांगणावर यशस्वी ठरलेले ग्रँट पैशाच्या व्यवहारात मात्र वारंवार अपयशी ठरले. माणसांवर चटकन विश्वास ठेवणे आणि घेतलेले ऋण फेडल्याशिवाय स्वस्थ न बसणे ही त्यांच्या स्वभावाची दोन वैशिष्ट्ये होती. युद्धातील त्यांचे औदार्य, राष्ट्राध्यक्षपदाच्या काळातील नामुष्की आणि आयुष्याच्या अखेरीस आजारपणात लिहिलेला ग्रंथ या तिन्हींच्या मुळाशी हाच स्वभाव दिसतो.

बालपण

ग्रँट यांचा जन्म ओहायो राज्यातील पॉइंट प्लेझंट या गावी झाला. वडील जेसी ग्रँट यांचा चामडे कमावण्याचा व्यवसाय होता, तर आई हॅना सिम्प्सन या मितभाषी व धर्मपरायण होत्या. १८२३ मध्ये हे कुटुंब जॉर्जटाउन येथे स्थायिक झाले. कातडी सोलण्याचे व कमावण्याचे काम युलिसिसला लहानपणापासूनच नकोसे वाटे. रक्ताची त्याला एवढी शिसारी होती की, पुढे सेनापती झाल्यावरही ते मांस पूर्ण करपेपर्यंत भाजल्याखेरीज खात नसत.

घोड्यांची मात्र त्यांना विलक्षण आवड होती. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्यांना शेजारच्या एका शेतकऱ्याचे शिंगरू हवे होते. वडिलांनी समजावून पाठवले की, आधी २० डॉलर देऊ करावेत, नाही म्हटल्यास साडेबावीस आणि तरीही न जमल्यास २५ डॉलर. मुलाने शेतकऱ्याकडे जाऊन वडिलांचा हा सगळा बेत जसाच्या तसा सांगून टाकला. शेतकऱ्याने अर्थातच २५ डॉलर घेतले. गावातल्या मुलांनी त्यावरून त्यांची बरेच दिवस चेष्टा केली. ग्रँट यांनी हा प्रसंग पुढे आपल्या आठवणींत स्वतःच नोंदवला आहे.

नावातील 'एस'

१८३९ मध्ये वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीसाठी काँग्रेस सदस्य टॉमस हेमर यांनी ग्रँट यांची शिफारस केली. हेमर यांना मुलाचे पूर्ण नाव ठाऊक नव्हते. युलिसिस हेच पहिले नाव आणि आईच्या माहेरच्या सिम्प्सन या आडनावावरून मधले नाव असावे, असे समजून त्यांनी अर्जावर युलिसिस एस. ग्रँट असे लिहिले. अकादमीच्या दफ्तरातील ही नोंद बदलून मिळाली नाही आणि ग्रँट यांनी अखेर तेच नाव स्वीकारले. त्यातील 'एस' हे अक्षर कोणत्याही नावाचे संक्षिप्त रूप नाही. नावाच्या आद्याक्षरांवरून सहाध्यायी त्यांना गमतीने अंकल सॅम व पुढे नुसतेच सॅम म्हणू लागले.

अकादमीत ग्रँट अभ्यासात मध्यमच होते. १८४३ च्या ३९ जणांच्या तुकडीत त्यांचा क्रमांक २१ वा आला. गणित त्यांना सोपे जाई. कादंबऱ्या वाचणे आणि जलरंगात चित्रे काढणे हे त्यांचे छंद होते. त्यांची त्या काळातील काही चित्रे आजही जतन केलेली आहेत. घोडेस्वारीत मात्र त्यांची बरोबरी करणारा कोणी नव्हता. यॉर्क नावाच्या घोड्यावरून त्यांनी मारलेल्या उंच उडीचा अकादमीतील विक्रम अनेक वर्षे अबाधित राहिला.

सैन्यातील पहिली वर्षे

१८४६ ते १८४८ या काळातील मेक्सिको युद्धात ग्रँट कनिष्ठ अधिकारी होते. रसदपुरवठ्याची जबाबदारी असूनही ते प्रत्यक्ष लढाईत उतरत. माँटेरे शहरात दारूगोळा संपत आला तेव्हा तो मागवण्यासाठी त्यांनी घोड्याच्या एका अंगाला लटकून, त्याच्या शरीराची ढाल करत, गोळीबाराखालच्या गल्ल्या पार केल्या. असे असले तरी हे युद्ध बलाढ्य राष्ट्राने दुर्बळ राष्ट्रावर लादलेले अन्यायी युद्ध होते, असे त्यांचे कायमचे मत बनले.

२२ ऑगस्ट १८४८ रोजी त्यांचा विवाह जूलिया डेंट यांच्याशी झाला. जूलिया यांचे वडील मिसूरी राज्यातील गुलाम बाळगणारे जमीनदार होते, तर ग्रँट यांचे आईवडील गुलामगिरीचे विरोधक होते. या कारणाने ते मुलाच्या लग्नालाही उपस्थित राहिले नाहीत.

१८५२ मध्ये ग्रँट यांच्या पलटणीची पॅसिफिक किनाऱ्यावर बदली झाली. पनामाची संयोगभूमी ओलांडताना सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांमध्ये पटकीची साथ पसरली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. रुग्णांची शुश्रूषा, वाहतुकीची व्यवस्था आणि मृतांचे दफन ही कामे ग्रँट यांनी पुढाकार घेऊन पार पाडली. कॅलिफोर्नियातील दूरच्या ठाण्यावर पत्नी व मुलांपासून दूर राहणे त्यांना असह्य झाले. त्यांच्या मद्यपानाविषयीच्या वदंताही याच काळातल्या. १८५४ मध्ये त्यांनी कॅप्टनपदाचा राजीनामा दिला.

परतीच्या वाटेवर न्यूयॉर्कमध्ये पोहोचेपर्यंत त्यांच्याजवळचे पैसे संपले होते. वेस्ट पॉइंटपासूनचे मित्र सायमन बकनर त्यांच्या मदतीला आले. घरून पैसे येईपर्यंत हॉटेलच्या बिलाची हमी त्यांनी घेतली.

हलाखीचे दिवस

पुढची सहा वर्षे ग्रँट यांच्या आयुष्यातील सर्वांत खडतर होती. सेंट लुईसजवळ सासऱ्यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी स्वतःच्या हातांनी लाकडी घर बांधले आणि त्याला कष्टाच्या संसाराचे सूचक असे हार्डस्क्रॅबल हे नाव दिले. शेती पिकेना, तेव्हा ते सरपणाच्या गाड्या भरून शहरात विकायला नेऊ लागले. डिसेंबर १८५७ मध्ये, नाताळच्या तोंडावर, त्यांनी आपले सोन्याचे घड्याळ २२ डॉलरला गहाण ठेवले.

याच काळात त्यांच्या मालकीचा विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम होता. तो त्यांना सासऱ्यांकडून मिळाला होता. त्याला विकले असते तर त्या काळच्या दराने शेकडो डॉलर हाती येऊन घरची ओढाताण सहज मिटली असती. परंतु २९ मार्च १८५९ रोजी ग्रँट यांनी सेंट लुईसच्या न्यायालयात जाऊन कोणताही मोबदला न घेता त्याला मुक्त केले. जूलिया यांच्या सेवेत मात्र वडिलांकडचे गुलाम त्यानंतरही राहिले. ग्रँट यांच्या चरित्रातील ही विसंगती अभ्यासकांनी नोंदवलेली आहे.

१८६० मध्ये ते इलिनॉय राज्यातील गलीना या गावी वडिलांच्या चामड्याच्या दुकानात, धाकट्या भावांच्या हाताखाली, काम करू लागले. ज्या व्यवसायाचा त्यांना लहानपणी तिटकारा होता, त्यातच अठ्ठतिसाव्या वर्षी त्यांना परतावे लागले होते.

यादवी युद्ध

एप्रिल १८६१ मध्ये युद्धाला तोंड फुटले आणि त्याच वर्षी जूनमध्ये ग्रँट यांना इलिनॉयच्या २१ व्या पलटणीचे कर्नलपद मिळाले. १६ फेब्रुवारी १८६२ रोजी टेनेसी राज्यातील डोनल्सन किल्ला त्यांनी घेतला. बिनशर्त शरणागतीखेरीज काहीही मान्य करणार नाही, असे त्यांनी शत्रूपक्षाच्या सेनापतीला कळवले. तो सेनापती म्हणजे आठ वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये मदतीला धावून आलेले सायमन बकनर हेच होते. शरणागतीची कलमे कठोर ठेवूनही, कैदेत गेल्यावर बकनर यांची अडचण होऊ नये म्हणून ग्रँट यांनी खाजगीरीत्या आपल्याजवळचे पैसे त्यांना देऊ केले.

या विजयाच्या बातम्यांत ग्रँट तोंडात सिगार धरून लढाई चालवत होते, असे वर्णन छापून आले. ते वाचून देशभरातील चाहत्यांनी त्यांना हजारो सिगार भेट पाठवले. तोवर बेताने धूम्रपान करणाऱ्या ग्रँट यांची सवय त्यानंतर वाढत गेली. २२ वर्षांनी त्यांना झालेल्या घशाच्या कर्करोगाचा संबंध या सवयीशी जोडला जातो.

ग्रँट यांच्या कारकिर्दीतील सर्वांत निंद्य आदेशही याच युद्धातील आहे. युद्धक्षेत्रातील कापसाच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्याच्या नावाखाली १७ डिसेंबर १८६२ रोजी त्यांनी आपल्या अधिकारक्षेत्रातून सर्व ज्यू लोकांना हाकलण्याचा ११ क्रमांकाचा आदेश काढला. केंटकीतील पॅड्युका येथील ज्यू नागरिकांनी थेट वॉशिंग्टन गाठले आणि राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी जानेवारी १८६३ च्या पहिल्याच आठवड्यात तो रद्द करायला लावला. ग्रँट यांना या आदेशाचा पुढे पश्चात्ताप झाला. राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी ज्यू नागरिकांना अनेक सरकारी पदांवर नेमले, तसेच रोमेनियातील ज्यूंच्या छळाची दखल घेऊन तेथे बेंजामिन पीशोटो या ज्यू वकिलाची वाणिज्यदूत म्हणून नियुक्ती केली. जून १८७६ मध्ये वॉशिंग्टनमधील एका सिनेगॉगच्या उद्घाटनाला ते सुमारे तीन तास उपस्थित होते.

४ जुलै १८६३ रोजी व्हिक्सबर्ग जिंकल्यानंतर ग्रँट यांच्याकडे लिंकन यांचे लक्ष वेधले गेले आणि मार्च १८६४ मध्ये ते सर्व सैन्याचे सरसेनापती झाले. त्यानंतरच्या व्हर्जिनियातील लढायांत प्रचंड मनुष्यहानी झाली. ३ जून १८६४ रोजी कोल्ड हार्बर येथे केलेला हल्ला निष्फळ ठरला आणि थोड्या वेळात हजारो सैनिक बळी पडले किंवा जखमी झाले. त्या हल्ल्याची खंत आपल्याला नेहमीच वाटत आली, अशी कबुली ग्रँट यांनी आपल्या ग्रंथात दिली आहे.

अ‍ॅपोमॅटॉक्स येथील शरणागती

९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियातील अ‍ॅपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांनी शरणागती पत्करली. ली ठेवणीतल्या गणवेशात आले होते, तर ग्रँट चिखलाने माखलेल्या साध्या सैनिकी कोटात. ग्रँट यांनी घातलेल्या अटी अनपेक्षितपणे सौम्य होत्या. अधिकाऱ्यांना स्वतःची शस्त्रे व घोडे बाळगण्याची मुभा मिळाली आणि कायदा पाळून घरी राहणाऱ्या कोणालाही सरकार त्रास देणार नाही, असे वचन देण्यात आले. ली यांनी लक्षात आणून दिल्यावर साध्या सैनिकांनाही पेरणीच्या कामासाठी आपापली जनावरे नेऊ देण्यात आली. उपाशी असलेल्या शत्रुसैन्यासाठी शिधाही पाठवण्यात आला. आपल्या छावणीत सुरू झालेली विजयाच्या तोफांची सलामी ग्रँट यांनी थांबवली.

या अटींची अंतिम प्रत ज्यांच्या हस्ताक्षरात आहे, ते इली पार्कर हे सेनेका जमातीचे मूळनिवासी अभियंते व ग्रँट यांचे गलीनापासूनचे मित्र होते. ग्रँट यांनी १८६९ मध्ये त्यांना मूळनिवासी व्यवहार विभागाचे आयुक्त नेमले. या पदावर आलेले ते पहिले मूळनिवासी होत.

दिलेल्या वचनाची कसोटी लवकरच लागली. लिंकन यांच्या हत्येनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांच्या काळात ली यांच्यावर देशद्रोहाचा खटला चालवण्याच्या हालचाली सुरू झाल्या. शरणागतीच्या कराराचा भंग होणार असेल तर आपण सरसेनापतिपद सोडू, असे ग्रँट यांनी स्पष्ट केले आणि खटला बारगळला.

लिंकन यांची हत्या झाली त्या १४ एप्रिल १८६५ च्या रात्री फोर्ड नाट्यगृहात ग्रँट दांपत्यालाही निमंत्रण होते. मुलांना भेटण्यासाठी न्यू जर्सीला जायचे असल्याने त्यांनी ते नाकारले होते.

राष्ट्राध्यक्षपद

१८६८ ची निवडणूक जिंकून ग्रँट वयाच्या ४६ व्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाले. तोपर्यंतच्या राष्ट्राध्यक्षांत ते सर्वांत तरुण होते. १८७० मध्ये वंशाच्या कारणावरून मतदानाचा हक्क नाकारण्यास मनाई करणारी १५ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि त्याच वर्षी न्याय विभागाची स्थापना झाली. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गुप्त संघटनेविरुद्ध १८७१ मध्ये कायदा करण्यात आला. ऑक्टोबर १८७१ मध्ये ग्रँट यांनी साउथ कॅरोलिनातील नऊ परगण्यांत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित करून शेकडो संशयितांना पकडले. या कारवाईने ती संघटना तेव्हापुरती मोडून पडली. १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन या जगातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्यावरही त्यांनीच स्वाक्षरी केली.

वेगाने घोडागाडी हाकण्याची त्यांची हौस राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही सुटली नाही. विल्यम वेस्ट या कृष्णवर्णीय पोलीस शिपायाने १९०८ मध्ये एका वृत्तपत्राला सांगितलेल्या आठवणीनुसार, १८७२ मध्ये वॉशिंग्टनच्या रस्त्यावर भरधाव गाडी हाकल्याबद्दल त्याने ग्रँट यांना आधी ताकीद दिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच घडल्यावर पकडून चौकीत नेले. ग्रँट यांनी कुरकुर न करता २० डॉलर अनामत भरली. वेस्ट स्वतः यादवी युद्धात लढलेला होता आणि या प्रसंगामुळे त्याच्या नोकरीला कोणतीही बाधा आली नाही.

निकटवर्तीयांवरील आंधळा विश्वास मात्र ग्रँट यांना भोवला. मद्यावरील कर बुडवणाऱ्या कारखानदार व अधिकाऱ्यांची मोठी टोळी १८७५ मध्ये उघडकीस आली. तीत ग्रँट यांचे खाजगी सचिव ऑर्व्हिल बॅबकॉक यांच्यावरही आरोप ठेवण्यात आला. ग्रँट यांनी त्यांच्या बाजूने शपथपूर्वक साक्ष दिली आणि बॅबकॉक निर्दोष सुटले; परंतु सरकारच्या प्रतिष्ठेला बसलेला तडा भरून निघाला नाही. ग्रँट यांनी स्वतः पैसे खाल्ल्याचे कधीही सिद्ध झाले नाही. मूळनिवासींबाबत शांततेचे धोरण जाहीर करूनही १८७६ मध्ये त्यांच्याच सरकारने सोन्याच्या हव्यासापोटी ब्लॅक हिल्स प्रदेशासाठी सू जमातीशी युद्ध केले, हाही त्यांच्या कारकिर्दीवरील गंभीर आक्षेप आहे.

जगप्रवास आणि मुंबई भेट

पदमुक्त झाल्यावर मे १८७७ मध्ये ग्रँट पत्नीसह फिलाडेल्फियाहून निघाले आणि युरोप, इजिप्त व आशिया खंडाचा प्रवास करून सप्टेंबर १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला परतले. जॉन रसेल यंग हे पत्रकार त्यांच्याबरोबर होते. त्यांनी या प्रवासाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

फेब्रुवारी १८७९ मध्ये ग्रँट समुद्रमार्गे मुंबईत दाखल झाले. मलबार टेकडीच्या टोकावरील गव्हर्नरांच्या निवासस्थानी त्यांचा मुक्काम होता. तेथून रेल्वेने जबलपूर, अलाहाबाद, आग्रा, जयपूर, दिल्ली, लखनौ व बनारस पाहून ते कलकत्त्याला गेले. मुंबईतील ग्रँट रोड या रस्त्याच्या व स्थानकाच्या नावाचा युलिसिस ग्रँट यांच्याशी संबंध नाही. ते नाव १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर रॉबर्ट ग्रँट यांच्यावरून पडले आहे.

चीनमध्ये राजपुत्र कुंग आणि ली हुंगचांग यांनी र्‍युक्यू बेटांवरून जपानशी चाललेल्या वादात मध्यस्थी करण्याची विनंती त्यांना केली. ग्रँट यांनी ऑगस्ट १८७९ मध्ये टोकियोत सम्राट मेइजी यांची भेट घेऊन दोन्ही देशांनी युद्ध टाळून आपापसांत तोडगा काढावा, असा सल्ला दिला. वाद मिटला नाही, पण युद्ध त्यावेळी टळले.

पेढीचे दिवाळे

अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांना त्या काळी निवृत्तिवेतन नसे. ते १९५८ मध्ये सुरू झाले. राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी लष्करी पद सोडल्यामुळे ग्रँट यांना सैन्याचेही वेतन मिळत नव्हते. १८८० मध्ये तिसऱ्यांदा उमेदवारी मिळवण्याचा त्यांच्या समर्थकांचा प्रयत्न फसला आणि ग्रँट न्यूयॉर्कला राहायला गेले. तेथे त्यांचे चिरंजीव युलिसिस (धाकटे) यांची फर्डिनंड वॉर्ड या तरुण दलालाशी भागीदारी होती. ग्रँट अँड वॉर्ड नावाच्या या पेढीत ग्रँट यांनी आपली पुंजी गुंतवली. वॉर्ड एकच रोखे अनेक ठिकाणी तारण ठेवून कर्जे उचलत असे आणि नव्या ठेवीदारांच्या पैशांतून जुन्यांना भरघोस नफा वाटत असे. हिशेबाच्या वह्या तपासण्याची तसदी ग्रँट यांनी घेतली नाही.

४ मे १८८४ रोजी, रविवारी, वॉर्डने घरी येऊन एका दिवसापुरते दीड लाख डॉलर हवे असल्याचे सांगितले. ग्रँट त्याच दिवशी धनाढ्य उद्योगपती विल्यम वँडरबिल्ट यांच्याकडे गेले आणि वैयक्तिक शब्दावर तेवढी रक्कम घेऊन आले. दोन दिवसांनी पेढी बुडाली. ग्रँट दांपत्याजवळ मिळून २०० डॉलरच्या आसपास रोकड उरली. वँडरबिल्ट कर्ज सोडून द्यायला तयार होते, परंतु ग्रँट यांनी ते मान्य केले नाही. घरे, तलवारी, पदके आणि जगभरातून मिळालेल्या भेटवस्तू त्यांनी वँडरबिल्ट यांच्या नावे करून दिल्या. तलवारी, पदके व भेटवस्तू वँडरबिल्ट यांनी पुढे राष्ट्राच्या स्वाधीन केल्या.

संकटात मदतही अनपेक्षित ठिकाणांहून आली. मेक्सिकोचे राजदूत मातियास रोमेरो भेटीला आले आणि जाताना १,००० डॉलरचा धनादेश ठेवून गेले. न्यूयॉर्क राज्यातील एका अपरिचित कारखानदाराने युद्धातील सेवेचे ऋण म्हणून ५०० डॉलर पाठवले. वॉर्डला पुढे तुरुंगवास झाला.

आठवणींचे लेखन

उदरनिर्वाहासाठी ग्रँट यांनी सेंच्युरी मासिकासाठी युद्धावर लेख लिहायला सुरुवात केली. प्रत्येक लेखाचे ५०० डॉलर ठरले होते. शायलोच्या लढाईवरील त्यांचा पहिला लेख लष्करी अहवालासारखा कोरडा उतरला. संपादकांनी त्यांना त्या वेळी काय पाहिले आणि काय वाटले तेही लिहायला सुचवले, आणि ग्रँट यांना लेखनाची वाट सापडली.

१८८४ च्या उन्हाळ्यात पीच खाताना त्यांना घशात तीव्र वेदना झाली. शरद ऋतूत कर्करोगाचे निदान झाले. आपल्या मागे जूलिया निर्धन राहणार, ही चिंता आता त्यांच्यापुढे उभी राहिली. सेंच्युरीने पुस्तकासाठी १० टक्के मानधन देऊ केले होते. लेखक मार्क ट्वेन यांना हा सौदा ग्रँट यांच्यावर अन्याय करणारा वाटला. त्यांनी स्वतःच्या प्रकाशनसंस्थेतर्फे निव्वळ नफ्याचा ७० टक्के वाटा देण्याचे ठरवले आणि फेब्रुवारी १८८५ मध्ये करार झाला. ४ मार्च १८८५ रोजी काँग्रेसने ग्रँट यांना सवेतन जनरलपद पुन्हा बहाल केले.

ग्रँट आधी स्वतः लिहीत, आवाज चांगला असेल तेव्हा लेखनिकाला सांगत. आवाज गेल्यावर ते पुन्हा पेन्सिलीकडे वळले आणि डॉक्टरांशीही चिठ्ठ्यांद्वारे बोलू लागले. गिळणे आणि श्वास घेणे अवघड झाल्याने ते दोन खुर्च्या समोरासमोर ठेवून बसल्या बसल्याच झोपत. जून १८८५ मध्ये त्यांना न्यूयॉर्कच्या उकाड्यातून माउंट मॅकग्रेगर येथील थंड हवेच्या बंगल्यात हलवण्यात आले. तेथे सायमन बकनर त्यांना भेटायला आले. त्या भेटीतही ग्रँट यांना आपली बाजू चिठ्ठ्या लिहूनच मांडावी लागली.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लेखन संपले आणि २३ जुलै १८८५ रोजी सकाळी ग्रँट यांचे निधन झाले. दोन खंडांचा हा ग्रंथ युद्धाच्या समाप्तीपाशी थांबतो. राष्ट्राध्यक्षपदाच्या काळाचे वृत्तान्त त्यात नाहीत. विक्रेते घरोघर जाऊन आगाऊ मागणी नोंदवत; त्यांत अनेक माजी सैनिक होते. सुमारे तीन लाख संच विकले गेले. फेब्रुवारी १८८६ मध्ये जूलिया यांना दोन लाख डॉलरचा पहिला धनादेश मिळाला आणि एकूण उत्पन्न चार लाख डॉलरच्या वर गेले. साध्या, नेमक्या गद्यामुळे हा ग्रंथ अमेरिकी साहित्यातील श्रेष्ठ युद्धस्मृतींत गणला जातो.

अंत्ययात्रा आणि स्मारक

८ ऑगस्ट १८८५ रोजी न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या अंत्ययात्रेत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये उत्तरेचे विल्यम शर्मन व फिलिप शेरिडन यांच्याबरोबर दक्षिणेचे जोसेफ जॉन्स्टन आणि सायमन बकनर हेही होते. वेस्ट पॉइंटच्या दफनभूमीत पत्नीला शेजारी जागा मिळणार नसल्याने ग्रँट यांनी ती जागा नाकारली होती. हडसन नदीकाठच्या उंचवट्यावर सुमारे ९०,००० लोकांच्या वर्गणीतून उभारलेल्या समाधीचे लोकार्पण २७ एप्रिल १८९७ रोजी, त्यांच्या ७५ व्या जयंतीदिनी झाले. १९०२ मध्ये जूलिया यांचे निधन झाल्यावर त्यांनाही तेथेच ग्रँट यांच्या शेजारी चिरविश्रांती देण्यात आली.